चंद्रावरची पेन्सिल

जीप आली तेव्हा आधी कॅमेऱ्याची पेटी खाली उतरली. पाथर्डीला लग्नाचे फोटो काढताना दादाच्या छातीत कळ आली आणि मांडवातच तो गेला, असं ड्रायव्हरनं सांगितलं... त्याला आता महिना उलटला. भिंगारच्या बाजारातला आमचा स्टुडिओ मी रोज उघडते, झाडते आणि दमून बसून राहते.

दादाचा हात रिटचिंगचा. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून तो कुणाच्याही चेहऱ्यावरचे वण घालवायचा. लहानपणी देवी येऊन गेल्यामुळं माझा चेहरा तर वणांनीच भरलेला. माझा लग्नासाठीचा फोटो त्यानं असा काही गुळगुळीत केला, की पारनेरची मंडळी लगेच बघायला आली. मी पोहे घेऊन बाहेर आले, तर मुलाची आत्या म्हणाली, "ही थोरली व्हय? फोटोतली कुठं हाय?" पुढचं सांगायला नको. दादाचा मला इतका राग आला होता, की त्या राखीला मी त्याच्याशी धड बोललेही नाही.

नेमकं त्याच रात्री चंद्रग्रहण. पावसानं दडी मारलेली, आभाळ मोकळं. आईनं पाण्यात, लोणच्यात तुळशीपत्रं टाकली आणि गच्चीवर कॅमेरा लावणाऱ्या दादावर ओरडली, "त्या मशिनीवर तरी येक पान ठेव!" त्यानं खरंच ठेवलं. अर्धा गिळलेला चंद्र सुरेख आला. तो मोठा करून, त्याची पुन्हा निगेटिव्ह करून दादा टेबलाशी बसला. मी चहा द्यायला गेले, तर हा गडी सवयीनं चंद्रावरचे डाग बुजवतोय! अर्धे बुजवूनही झाले होते.

"दादा, आता चंद्राचंबी लग्न जमवायचंय व्हय?"

मला वाटलं, हसेल. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला, "खुर्चीवर बस. तुझा फोटो काढतो."

तो फोटो त्यानं पेन्सिल न लावता छापला आणि पहिल्या निगेटिव्हवरून छापलेल्या, डागांसकटच्या चंद्राशेजारी दर्शनी काचेत लावला. सोयरीक जमली नाही ती नाहीच, खोटं कशाला सांगू? पण माझ्या तोंडावरचा पदर खाली आला, आणि पुढं दादानंच मला रिटचिंग शिकवलं.

परवा भिंतीवर लावायला दादाच्याच फोटोची एक निगेटिव्ह शोधली. डोळ्यांखाली काळं, गाल बसलेले. सगळे म्हणाले, जरा हात फिरव. टेबलाशी बसले, त्यानं टोक काढून ठेवलेली पेन्सिल उचलली... आणि परत ठेवून दिली. फोटो तसाच छापला.

आई बघत राहिली. "लई थकल्याला दिसतो गं."

"हुताच ना, आई."