चिमटीतलं ग्रीस

आमच्या जुन्या जीपचा पुढचा अ‍ॅक्सल आज अंगणातच उघडला. सलीमभाई मेकॅनिकनी चाक काढलं, आतला जॉइंट बाहेर घेतला आणि डिझेलने धुण्याआधी त्यावरचं जुनं ग्रीस बोटावर काढून यांच्यापुढे धरलं. ही यांचीच शिस्त. जन्मभर घाटातून जीप चालवलेला माझा नवरा ग्रीस नुसतं डोळ्यांनी बघत नाही, चिमटीत चोळून बघतो; रबरी सील फाटून आत वाळू शिरली असेल तर ती बोटांना लागते.

यांनी खुर्चीतूनच उजवा हात पुढे केला. अर्धांगाच्या झटक्यानंतर तो आत्ता कुठे हलायला लागलाय. बराच वेळ चोळून म्हणाले, "कचकच नाही. सील चांगलंय. नुसतं नवीन ग्रीस भरा."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही थोडं घेऊन चोळलं. नुसती वाळू होती, बोटांना टोचत होती.

"बरं साहेब," म्हणत त्यांनी फाटलेलं सील गुपचूप फडक्यात गुंडाळलं.

मी त्या जॉइंटकडे बघत राहिले. वरून चाक सरळ फिरत असतं आणि आत वाळू लोखंड खात असते. उघडून बघेपर्यंत कुणाला पत्ता नसतो, आणि उघडल्यावर धुण्यापुसण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

यांची बोटं मी एकेक करून पुसली. यांचं लक्ष जीपकडेच होतं.

दवाखान्यातून आल्यापासून रोज संध्याकाळी मी हाच हात हातात घेऊन बसते. मला वाटायचं, यांना ते कळतं.