आवडीबाईंचा वाटा

आवडीबाईंना मी ओळखते, ते त्या माझ्या धाकट्या जाऊबाई म्हणून. पोलादपूरजवळच्या एकाच घरात आम्ही दोघी सुना होऊन आलो. माझे माहेर वरंध, त्यांचे तुडील. आज आमच्या चुली वेगळ्या आहेत. ओटा मात्र एकच आहे.

आमच्याकडे वडील वारले की बहिणी जमिनीवरचा हक्क सोडतात. जमीन भावांची आणि बहिणीला माहेराचे दार उघडे, अशी समजूत आहे. मीही वरंधला जाऊन आनंदाने हक्कसोडीच्या कागदावर अंगठा दिला. भावाने मला नवे लुगडे घेतले. पुढे त्याचे येणे कमी झाले, मग थांबले.

आवडीबाईंनी अंगठा दिला नाही. माहेरच्या नदीकाठच्या शेतातील आपला वाटा त्यांनी नावावर करून घेतला. सासूबाई म्हणाल्या, "भावाच्या ताटातला घास काढलान!" मलाही तसेच वाटले. आता यांचे माहेर तुटणार, याची मी वाट पाहत राहिले.

ते तुटलेही, पण थोडाच काळ. नंतर त्यांचे बंधू महिपत पुन्हा येऊ लागले. बहिणीचा वाटा तेच कसतात. भात निघाले की तिच्या वाटणीचे तांदूळ स्वतः आणून देतात, भाऊबीजेला जेवून जातात. त्यांच्या मोटारसायकलचा आवाज आला की मी आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासते.

आम्ही दोघी साक्षरता वर्गास जातो. तेथे स्नेहलबाईंनी शिकवले की हक्क म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. एकाचा हक्क असला की दुसऱ्यावर कर्तव्य येते. मी उभी राहून म्हणाले, "हक्क घेणारीपेक्षा सोडणारी मोठी." घरी येताना आवडीबाई हसू लागल्या.

"बाय, सोडशील काय, म्हणून तुला कोणी इचारलं होतं?"

"इचारायचं काय त्यात? सगळ्याच सोडतात."

"मग तू सोडलं नाय. तुझ्याकडनं नेलं."

"तुझा भाऊ तांदूळ द्यायचे म्हणून येतो. मायेनं नाय येत."

"तांदळापायी का होईना, येतो ना? माया काय गोणीत भरून मागता येत नाय गो. तेवढं मलाबी कळतं."

त्यांचे हे बोलणे मनाला लागले. जमीन मला आजही नको आहे. परंतु त्यांच्या दारी भाऊ येतो आणि त्या त्याला "यंदा उशीर केलास," असे मान वर करून सुनावतात, हे मला पाहवत नाही. माझ्या भावाला असे सुनावण्यासाठी माझ्याजवळ काहीच उरलेले नाही.

गेल्या भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. आवडीबाई शेजारी येऊन बसल्या. पुन्हा हक्काचेच काढतील, असे समजून मी तोंड फिरवले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाय, उद्या दादा येईल. तू आत जाऊ नको गो. इथंच बस आमच्यासंगती."