हातगुण

माझा घोटा मुरगळला त्या दिवशी मी पडले आणि सासूबाई उभ्या राहिल्या. घरात सगळ्यांना भीती होती ती नेमकी उलटी. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन सात-आठ महिने झाले होते. नागपूरचं घर बंद करून आम्ही त्यांना इथे बंगळुरूला, जे. पी. नगरच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी निघताना एकच गोष्ट बजावली होती: रोज चालल्या तर चालत्या राहतील, बसल्या तर बसल्याच. म्हणून रोज साडेपाचला मी लॅपटॉप मिटायचे. त्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात माझा दंड धरायच्या, आणि आम्ही पार्कच्या गेटपर्यंत जाऊन यायचो. गेटपाशी एक फुलवाली अक्का बसते. तिच्याकडून देवासाठी वीतभर मोगरा घ्यायचा आणि परत फिरायचं, एवढाच आमचा पल्ला.

त्या दिवशी फुटपाथवरून एक स्कूटरवाला आला. रस्ता तुंबला की फुटपाथ यांच्या तीर्थरूपांचा. मी सासूबाईंना भिंतीकडे सारलं, स्वतः मागे झाले, तर मागची फरशी हलती निघाली. पाय आत वळला, घोट्यात काहीतरी करकचलं आणि मी फतकल मारून खाली. फुलवाली "स्वल्प कूतकोळ्ळी" म्हणत धावली. जरा बसा म्हणे. बाई, मी बसलेलीच आहे, आणखी कुठे बसू? सासूबाई मात्र काठीवर सरळ उभ्या होत्या आणि माझ्या पायाकडे बघत होत्या. "चप्पल काढ," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने मला जवळच्या दवाखान्यात नेलं. हाड शाबूत होतं, पण लिगामेंटला चीर गेली होती. डॉक्टर म्हणाले, बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा, तीन आठवड्यांत चालायला लागाल. आणि दारापर्यंत आलो तर मागून हाक मारून म्हणाले, चोळायचं मात्र अजिबात नाही. नवरा तेव्हा रिक्षा बघायला पुढे गेला होता. ते वाक्य मी एकटीनेच ऐकलं.

घरी आले तर सासूबाई वाटीत तीळतेल कोमट करून बसलेल्या. आंबेहळद उगाळलेली. स्वयंपाकवाली येईपर्यंत त्यांनी गॅसला हात लावायचा नाही असा नियम होता, तो त्या दिवशी मोडला होता.

आता हे सांगायला हवं की सासूबाईंच्या हाताला गुण आहे. म्हणजे तसं नागपुरात त्यांच्या अख्ख्या गल्लीचं म्हणणं. कुणाची मान धरली, कुणाचं मनगट लचकलं, की माणसं आधी यांच्या ओट्यावर. एक पैसा घ्यायच्या नाहीत, वर चहा पाजायच्या. मी पुण्याची, शास्त्रीय बुद्धीची वगैरे. लग्नानंतर पहिल्यांदा ती ओट्यावरची ओपीडी पाहिली तेव्हा मी नवऱ्यापाशी खूप हसले होते. आणि इथे आणल्यापासून त्याच बाई खिडकीशी खुर्चीत. स्वयंपाकाला बाई, भाषा येत नाही, टीव्हीवरचं आवडत नाही. दिवसभर खालच्या गेटमधून कोण आत आलं, कोण बाहेर गेलं ते बघायच्या. मी विचारलं, काय बघता? तर म्हणाल्या, "काही नाही बाप्पा, वेळ बघून राहिली."

त्या दिवशी ती वाटी हातात धरलेला त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून डॉक्टरांचं वाक्य काही निघेना. मी पट्टी सोडली. पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.

सगळा दोष माझ्या दयाळूपणाच्या खात्यावर टाकायचा नाही. मला ते आवडलं. एकोणीस वर्षांत त्यांनी मला कधी असा हात लावला नव्हता, मी तरी कुठे लावला होता, सणावारी वाकून पायाला बोटं टेकवायची तेवढीच. त्यांचा अंगठा घोट्याच्या खाली गोल फिरायचा, त्या हळूहळू नागपूरच्या गोष्टी सांगायच्या, आणि मला वाटायचं, दुखू दे, पण थांबू नका. संध्याकाळी साडेपाचला आम्ही आधी पार्कात जायचो, आता तेल व्हायचं. नवरा घरी यायच्या आत मी पाय पुसून पट्टी पुन्हा नीट बांधून ठेवायचे.

तीन आठवडे झाले आणि घोटा होता तसाच टम्म. उलट रंग काळानिळा. डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिलं आणि विचारलं, मालिश केली का? मी म्हटलं, छे. त्यांनी आपलं बोट टिश्यूला पुसलं. ते तेल मला दिसलं, त्यांना दिसलं, नवऱ्यालाही दिसलं. आणखी सहा आठवडे लागले.

आणि या सगळ्यात सासूबाईंचं चालणं थांबलं होतं. नवऱ्याने दोन दिवस नेलं. त्याची ऑफिसची कॅब व्हाइटफील्डहून यायची ती दिवे लागल्यावर, म्हणून त्याने दोन दिवस घरून काम केलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "त्याच्यासंगे नको. तो चालत नाही, ओढते." बाई ठेवू म्हटलं तर तीही नको. मी बरी झाले की माझ्याबरोबरच जाणार. मलाही ते ऐकून बरं वाटलं, काय सांगू. म्हणजे मी पाय चोळून घेत होते, त्याने तो बरा होत नव्हता, आणि तो बरा होत नव्हता म्हणून त्या खुर्चीतून उठत नव्हत्या. हे इतकं सरळ होतं की पाचवीतल्या मुलाला कळलं असतं. एके दिवशी त्या बाथरूमला जाताना भिंतीला दोन्ही हात लावून गेल्या. काठी खुर्चीपाशीच राहिली होती.

ते पाहून मी घाबरले, आणि मी घाबरले की माझी जीभ सुटते. माहेरी सगळ्यांना हे ठाऊक आहे. त्या संध्याकाळी माझी मीटिंग लांबली होती, पाय ठणकत होता. त्या भिंत धरत धरत वाटी घेऊन आल्या, तेल सांडत होतं. मी म्हटलं, "नका हात लावू. तुमच्या चोळण्यानेच हा पाय लांबलाय. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चोळू नका म्हणून."

त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तर मला काहून नाही सांगितलं?"

तुम्हाला काम मिळावं म्हणून, असं म्हणायचं? त्या वाटी घेऊन परत गेल्या. ती ओट्याच्या कोपऱ्यात तशीच राहिली. तेलावर धूळ बसली, एक मुंगी पडली, आणि स्वयंपाकवालीने शेवटी विचारून ती घासून टाकली.

नऊ आठवड्यांनी माझा पाय बरा झाला. साडेपाचला मी म्हटलं, चला. त्या म्हणाल्या, आज डोकं दुखतंय. मग ऊन आहे. मग वारा आहे. मी चिडून पाहिलं, मनधरणी करून पाहिली, नवऱ्याकरवी सांगून पाहिलं. माझ्यावर त्या रागावल्या नव्हत्या. नीट बोलायच्या, जेवायच्या, माझ्या पायाची चौकशीसुद्धा करायच्या. फक्त उठायच्या नाहीत. मी एकटीच गेटपर्यंत जाऊन मोगरा आणायचे. फुलवाली विचारायची, "अज्जी यल्ली?" आजी कुठेत? मी म्हणायचे, "नाळे, नाळे." उद्या येतील. रोज तेच. मग मी दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने जायला लागले.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही. मी स्वतःच तेल कोमट केलं, वाटी घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि पाय पुढे केला. "आई, फार दुखतोय. जरा चोळून द्या."

त्यांनी वाटीकडे पाहिलंही नाही. कोरड्या हाताने पाय उचलून मांडीवर घेतला, घोट्याखाली अंगठा दाबला, पाऊल इकडे वळवलं, तिकडे वळवलं. मग हळूच खाली ठेवलं.

"बरा आहे हा," त्या म्हणाल्या. "अवं, मागच्या वेळी लपवलं ते माझ्यासाठी. तेवढं कळते मला. आता खोटं कोणासाठी बोलून राहिली?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. मी इतकं सहजी रडत नाही. "तुम्ही नाही उठलात तर ते माझ्यामुळे होईल. मला नाही झेपणार ते."

त्यांनी काठीकडे बोट दाखवलं. "दे. पण गेटपर्यंत नाही म्हणत मी."

मी त्यांना उठवलं. पूर्वी त्या माझा दंड नुसता धरायच्या, आता सगळा भार माझ्यावर होता. त्यांच्या पोटऱ्या केवढ्याशा झाल्या होत्या ते मला तेव्हाच दिसलं. फ्लॅटच्या दारापासून लिफ्टपर्यंत किती अंतर असेल, आमच्या हॉलएवढं. तेवढ्यात दोनदा थांबलो. पुढेही आम्ही तेवढंच जातो. डॉक्टर म्हणतात, तेवढं तरी सोडू नका. पार्कच्या गेटबद्दल ते आता काही बोलत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

त्या पहिल्या दिवशी लिफ्टपाशी पोचेपर्यंत माझा घोटा आतून ठसठसायला लागला होता. गप्प राहावंसं वाटलं. सवयच ती.

"आई," मी म्हटलं, "आता खरंच दुखतोय."

"माझा खुबाही," त्या म्हणाल्या. मग आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो.