खांद्यावरचा हात

चौकटला त्याचं स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. गल्लीत सगळे चौकट म्हणत, कारण तो फोटोंना फ्रेमा करायचा आणि माणूसही तसाच, चारी कोपरे काटकोनात. फोटोला कात्री लावायची नाही, हा त्याचा नियम. नको असेल तो भाग पुठ्ठ्याखाली झाकायचा. भांडणं काय, मिटतात, पण कापलेला काका परत कुठून आणणार, असं तो गिऱ्हाइकाला विचारायचा.

त्याचा मित्र टिल्लू आता बडा साहेब झाला होता. दोघांनी एकाच हातगाडीवर आरसे विकून सुरुवात केली होती. पुढे टिल्लूनं उंच इमारतींच्या काचांचं काम धरलं आणि चौकट गल्लीतच राहिला. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं येणं-जाणं कमी झालं, मग फोन कमी झाले, मग टिल्लूची खबर पेपरातून कळायला लागली. चौकट मात्र पेपर दाखवून म्हणायचा, "हा आपलाच आहे." तेवढ्यावर त्याची छाती दिवसभर फुगलेली असायची. आपला आहे तर एकदा चहाला येऊ दे की, असं बायको म्हणायची, पण तिकडे तो कानाडोळा करी.

एक दिवस टिल्लूच्या ऑफिसातून माणूस आला. नव्या ऑफिसातल्या सगळ्या फ्रेमा याच दुकानात करायच्या, असा साहेबांचा निरोप होता. चौकटला आकाश ठेंगणं झालं. मग पाकिटातून पहिला फोटो निघाला. हातगाडी, तिच्यापुढे कॅमेऱ्याला घाबरलेला हडकुळा टिल्लू आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला चौकट. दोघांच्या मधोमध पेन्सिलीनं रेघ मारलेली होती.

"साहेब एकटेच दिसायला हवेत," माणूस म्हणाला. "बाजूला दुसरं कोणीतरी आहे, ते झाका."

चौकटनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. रेघ ऑफिसातल्या कुणीतरी मारली असणार, टिल्लू असं करायचा नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली. नाही म्हणावं तर काम जाणार आणि कामाबरोबर टिल्लूही. शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःला पुठ्ठ्याखाली घातलं. खांद्यावरचा हात मात्र राहिला, कारण तो झाकायचा तर टिल्लूचा खांदाच जात होता. खरं सांगायचं तर चौकटला ते बरंच वाटलं. हा हात कुणाचा, असं कुणीतरी विचारेलच, आणि मग टिल्लूला सांगावंच लागेल.

फ्रेमा लावायला तो स्वतः गेला. स्टुलावर चढून खिळा ठोकत असताना टिल्लू पाहुण्यांना घेऊन आला. त्यानं चौकटकडे बघून जेमतेम मान हलवली. एक वयस्कर बाई जुन्या फोटोपाशी थांबल्या आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं. चौकटचा हातोडा वरच्या वर राहिला.

टिल्लूनं चष्मा काढून पुसला. "वडिलांचा," तो म्हणाला. "ते पाठीशी नसते तर मी नसतो."

बाईंचे डोळे भरून आले. वडिलांनी तर टिल्लूला घराबाहेर काढलं होतं, आणि तेव्हा तो चौकटच्या आईच्या हातचं जेवून चौकटच्याच अंथरुणावर झोपत होता. चौकटला राग यायला हवा होता. आधी लाजच वाटली, की याच माणसाच्या नावावर आपण गल्लीत मिरवत होतो.

पाहुणे पुढे गेले तसा टिल्लू मागे राहिला.

"काय सांगू रे त्यांना?" तो हळूच म्हणाला. "गाडी तुझी होती म्हणून? सगळं एकट्यानं उभं केलं, असं सगळीकडे छापून आलंय. समजून घे."

चौकटनं खिळा पुरता ठोकला, उरलेल्या फ्रेमा लावल्या, सगळ्या सरळ आहेत ना ते लांबून पाहिलं आणि स्टूल जागेवर ठेवून तो निघाला.

पुढच्या आठवड्यात एक जुनं गिऱ्हाईक पेपर घेऊन दुकानात आलं. टिल्लूचा फोटो पुढे करत म्हणालं, "हा तुमचाच ना?"

चौकट काच पुसत होता. त्यानं फोटोकडे नीट पाहिलं.

"नाही हो," तो म्हणाला. "कामापुरती ओळख आहे."