मंदाताईंच्या पोर्चमधली सोंगं

असे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. गॅदरिंगच्या मोसमात चहा पिता पिता कुणीतरी विचारतं, "सर, ते हिवरखेडचं काय झालं होतं हो?" आणि एक सांगायला घेतला की त्याच्या मागे दुसरा उभाच असतो. गंमत म्हणून सुरू करतो आणि मध्येच आपलाच आवाज खाली येतो.

आमचं त्रिकूट असं. मंदाताई शिवणकाम करतात. अमरावतीत त्यांच्या घराच्या पोर्चमध्येच दोन मशीन आहेत. विजयभाऊ एका वर्कशॉपमधून रिटायर झालेले. मी शाळेत चित्रकला शिकवतो. शाळांची नाटकं, यात्रेतल्या झाक्या म्हणजे जिवंत देखावे, लग्नातली सोंगं, सगळं आम्ही घरीच बनवतो. कापड मंदाताईंचं, सांगाडा विजयभाऊंचा, रंग माझा, आणि बाकी सामान हार्डवेअरच्या दुकानातलं. विजयभाऊ भूतखेत मानत नाहीत. त्यांच्या घरात वडिलांपासून कोणीच मानलं नाही. "असं काई नसते सर," एवढंच म्हणतात.

*

एका शाळेला विज्ञान प्रदर्शनासाठी माणसाएवढा सापळा हवा होता. आम्ही कामानिमित्त अकोल्यात होतो, तर तिथल्याच एका दुकानात विजयभाऊ पीव्हीसी पाइप आणि एल्बो निवडायला लागले.

दुकानदार म्हणाला, "बाथरूम काढून राहिले का?"

"नाई. माणूस."

दुकानदाराने आम्हाला नीट पाहून घेतलं. "मंग गुडघ्याले सरळ कपलर नेऊ नका. बसताच येनार नाई त्याले."

सापळा झकास झाला. पोर्चमध्ये टांगला आणि वारा सुटला तसा त्यातून आवाज यायला लागला. तोंड मिटून कुणीतरी गुणगुणावं तसा. विजयभाऊ म्हणाले, पाइपात हवा शिरते. त्यांनी सगळ्या तोंडांना एन्ड कॅप बसवल्या.

आवाज थांबला नाही.

"मंग नळाचा असन," विजयभाऊ म्हणाले.

मंदाताईंनी मशीनवरून मान वर केली नाही. "आज नळाचा दिवस नाई, भाऊ."

प्रदर्शनाला आठवडा होता. विजयभाऊंनी सापळा त्याच दुपारी ऑटोत बसवून शाळेत नेऊन दिला.

*

कपडे चढवून पाहायची तयार डमी महाग, म्हणून मंदाताईंनी स्वतःच्याच मापाची बनवून घेतली. जुना गाऊन घालून उभ्या राहिल्या, त्यांच्या सुनेने वरून पॅकिंगची टेप गुंडाळली, पाठीतून कापून तो साचा काढला आणि आत चिंध्या भरल्या. विजयभाऊंनी खाली पाइप आणि जुन्या टेबल फॅनचा स्टँड लावला. पाठमोरी पाहिली तर मंदाताईच. मी एकदा तिला "चहा झाला का?" विचारलं होतं.

वर्षभराने डमीचा डावा खांदा उतरला. चिंध्या बसल्या असतील म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. पुढच्या महिन्यात मंदाताईंचा डावा हात वर जाईना. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितला, गोळ्या दिल्या, व्यायाम दिला.

एका सकाळी मी जरा लवकर पोहोचलो. मंदाताई आत होत्या. पोर्चमध्ये विजयभाऊ एकटेच बसून डमीच्या खांद्यात कापूस भरत होते. मला पाहून थांबले.

"डॉक्टरचं चालू ठेवा म्हनलं मी त्याईले," ते म्हणाले, आणि पुन्हा भरायला लागले.

*

कौंडण्यपूरच्या यात्रेत रुक्मिणीची झाकी होती. कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर, त्यामुळे तिथे तिचं काही कमी पडून चालत नाही. मुकुट मंदाताईंनी केला. नहाणीच्या मोरीवर बसवतात ती गोल जाळी, तिला पडद्याच्या कड्या, वर खडे, आणि सोनेरी स्प्रे. स्टुलावर ठेवला होता तर एक बाई आली, मुकुटावर कपाळ टेकवून रडली. तिची मुलगी घर सोडून गेली होती, ठावठिकाणा नव्हता. बराच वेळ ती मुकुटाशी हळू आवाजात बोलली आणि निघून गेली. ती मोरीची जाळी आहे, हे तिला सांगायची आमची कोणाची हिंमत झाली नाही.

मग रुक्मिणी होणारी मुलगी आली. मुकुट डोक्यावर ठेवला तसा काढून मंदाताईंच्या हातात दिला. "काकू, हा गरम लागून राह्यला."

सावलीतच होता. मी हात लावला. ताप भरलेल्या कपाळासारखा लागत होता.

विजयभाऊ लांबूनच म्हणाले, "पितळ हाय. तापनच."

"भाऊ, प्लास्टिकची जाळी आनली होती मी," मंदाताई म्हणाल्या.

विजयभाऊंनी जवळ येऊन मुकुटाला हात लावला. "मंग राहू द्या. पोरीले नुसता गजरा माळा."

*

मूर्तिजापूरच्या एका वाढदिवसासाठी आम्ही लहान घोडा केला होता. पाइपचा सांगाडा, वर फोम, तपकिरी मखमल, सुतळी पिंजून केलेली आयाळ. टेम्पोतून उतरवून रस्त्याकडेला ठेवला. समोर एका मंगल कार्यालयाबाहेर वरातीची घोडी उभी होती. सजवलेली, पायात घुंगरू.

ती दावं ओढून सरळ आमच्याकडे आली. मालक मागून धावला. आम्हाला वाटलं, लाथ घालते आता. तिने आमच्या घोड्याचं तोंड हुंगलं, मग मान, आणि मखमल चाटायला लागली. पार ओली केली. मालकाने लगाम ओढला तर तिने पाय रोवले.

"हिचं शिंगरू गेलं मागच्या महिन्यात," तो म्हणाला. "कायचा हाय हा?"

"फोमचा," मी म्हटलं.

त्याने घोड्याच्या पोटावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. काय लागलं हाताला, ते त्याने सांगितलं नाही. वाढदिवसाला घोडा गेला, पण पोरांना त्यावर बसू द्यायला मंदाताई काही केल्या तयार होईनात.

*

आता हिवरखेड. शाळेचं गॅदरिंग दुपारचं होतं. नाटकातला म्हातारा ऐनवेळी आजारी पडला, म्हणून मुखवटा मीच चढवला. कागदाच्या लगद्याचा, मीच केलेला. चेहरा कुणाचा पाहून केला नव्हता. हाताला येईल तसा येऊ दिला होता.

मी स्टेजवर आलो तशी पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि तिने डोक्यावरून पदर पुढे ओढला. सून सासऱ्यापुढे घेते तसा. नाटक संपेपर्यंत ती उभीच होती.

खाली उतरलो तर ती समोर. "मामंजी, घरी चला."

तिचा मुलगा ओशाळला. चाळीशीचा, शेती करणारा माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, माहे आजोबा भांडून घरातून गेले, ते आलेच नाईत. माह्या जन्माच्या आधीची गोष्ट. तोंड काढू नका, पाच मिनिटं चला. आई ऐकनार नाई."

मी मंदाताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जा."

घर शाळेच्या मागेच होतं. मला खुर्चीवर बसवलं. म्हातारी समोर जमिनीवर बसली, पदर तसाच, नजर खाली. मुलगा दारात उभा. मुखवट्याच्या आत मला घाम फुटला होता.

"कावून गेले होते?" तिने विचारलं. "म्या काई कमी केलं होतं का?"

काही न बोलता उठून जायचं, एवढंच डोक्यात होतं. पण बोललो. माझाच आवाज, पण मी ठरवलेलं नव्हतं.

"तुव्हं काई चुकलं नाई, गोदे. पानी आन."

तिने पाणी आणलं. मी मुखवटा जरा वर करून प्यालो. तिने पेला परत घेतला, पायांवर डोकं ठेवलं आणि आत गेली. आतून रडण्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

मी मुखवटा काढला. मुलगा मला टेम्पोपर्यंत सोडायला आला. विजयभाऊंनी दार उघडून धरलं होतं, मंदाताई आत बसल्या होत्या. मी चढणार तेवढ्यात त्याने माझा दंड धरला.

"सर, आईले सारं गाव शांताबाई म्हनते. आधार कार्डावर शांता हाय. गोदावरी हे तिचं माहेरचं नाव, लग्नात बदललं. ते मले सुदिक मामाच्या तेरवीत कळलं," तो म्हणाला. "तुमाले कोनं सांगतलं?"