एक चमचा इसबगोल

परळच्या हॉस्पिटलमधून सकाळी फोन आला तेव्हा वहिनी काय सांगणार हे मला माहीत होतं. पण ‘दादा गेला’ असं त्या म्हणाल्याच नाहीत. एवढंच विचारलं, “मंदा, माझ्यामुळं नाही ना गं झालं हे?” मी “छे, काहीतरीच काय वहिनी” म्हटलं, चपला पायात सरकवल्या आणि दादरहून टॅक्सी केली. दादा गेल्याचं दुःख नंतर आलं... आधी आली ती त्या प्रश्नाची भीती. आता महिना उलटून गेला तरी ती माझ्याकडेच मुक्कामाला आहे.

मी मुळातच भित्री. झुरळ दिसलं तरी मंदा मृत्युपत्र करायला बसते, असं दादा म्हणायचा. तो माझ्याहून बराच मोठा. फणसवाडीतल्या दोन खोल्यांत जन्म काढला आणि गिरगावातल्या चष्म्याच्या दुकानात नोकरी केली. दिवसभर लोकांच्या डोळ्यांकडे बघायचा, पण त्याचं खरं लक्ष पोटाकडे. “पोट बरा तर सगळा बरा,” हे त्याचं गावाकडून आणलेलं शास्त्र. कुणाला ताप येवो, कुणाचं लग्न मोडो, दादाचा पहिला प्रश्न, “पोट साफ होतं का?” आमचे हे मला बघायला आले होते, तेव्हा पोह्यांची बशी त्यांच्या हातात असताना दादानं हाच प्रश्न विचारला. आई कपाळाला हात लावून आत निघून गेली. रात्री जेवण झालं की कोमट पाण्यात इसबगोल ठरलेलं. वहिनी ढवळून द्यायच्या, हा प्यायचा, आणि घरी आलेला पाहुणाही त्यातून सुटायचा नाही. गवारीची भाजी मात्र पानात दिसली की, “हे गुरांचं खाणं” म्हणून बाजूला सारायचा.

असा माणूस न्यूमोनियानं आडवा झाला, आणि व्हेंटिलेटरवर गेला. नाकातून पोटात नळी घातली, तिच्यातून पातळ अन्न जाऊ लागलं. अँटिबायोटिकं जोरात सुरू होती. थोड्या दिवसांनी छाती जरा निवळली, तर पोट बिघडलं. चादरी बदलून बदलून नर्स थकल्या, दादाची पाठ सोलवटली. तिथली तरुण डॉक्टरीण आम्हां दोघींना बाजूला घेऊन म्हणाली, “काकी, आतड्यात चांगले जंतूपण असतात. औषधांनी वाइटांबरोबर तेही मारले गेले. जे राहिलेत, त्यांना खायला घालायला हवं. म्हणून फीडमध्ये थोडा फायबर टाकतोय.” मी विचारलं, आधी का नाही दिलात? “तेव्हा बीपी धरत नव्हतं. आतड्याला रक्तच कमी पोचत असताना दिला असता तर उलटं झालं असतं. आताही थोडा थोडाच. पोट फुगलं तर लगेच बंद. आणि सगळ्यांना गुण येतोच असं नाही हं, आधीच सांगते.” वहिनींनी हळूच विचारलं, “कसला असतो हो तो?” तर म्हणाली, “गवारीच्या बियांचा.” आम्ही दोघी आयसीयूच्या काचेच्या दाराबाहेर तोंडावर पदर धरून हसलो. कित्येक दिवसांनी हसलो.

पण त्या दिवसापासून आत गेले की मी दादाचा चेहरा बघेनाशी झाले. आधी पोट बघायचे. काल होतं त्यापेक्षा वर आलंय का? ताणलेलं दिसतंय का? एखाद्या माणसाचं जगणं-मरणं त्याच्या पोटात राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या जेवणावर असावं, या विचारानं मी पुन्हा पुन्हा तिथंच बघायचे. पोट फुगलं नाही. हळूहळू चादरी कोरड्या राहू लागल्या, व्हेंटिलेटर सुटला आणि दादाला खोलीत आणलं. गिळणं जमत नव्हतं म्हणून नळी तशीच ठेवली. नर्सनं वहिनींना सिरिंजनं फीड घालायला शिकवलं. मी दादाच्या कानाशी जाऊन म्हटलं, “इतके दिवस तू गवार खातोयस.” तो पुटपुटला, “फसवलात.”

आणि मग ते झालं. पोट आवळलं ते आवळलंच, दोन-तीन दिवस काही हालचाल नाही. दादा अस्वस्थ. एका दुपारी त्यानं वहिनींकडे बघून बोट हवेत गोल फिरवलं, ग्लासात चमचा ढवळावा तसं. सगळा संसार त्याच्याबरोबर केलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं? दुसऱ्या दिवशी त्यांनी पर्समधून पुडी आणली. डॉक्टर फायबर देतात, हाही फायबरच, असा त्यांचा साधा हिशोब. मीसुद्धा तोच केला असता. चमचाभर इसबगोल फीडमध्ये मिसळून त्यांनी नळीत घातलं. ते फुगलं आणि नळी गच्च तुंबली. नर्सनं कोमट पाणी घालून पाहिलं, मग ती नळी काढून दुसरी घातली. घालताना दादाला जोरात उमासा आला, ठसका लागला, तो निळसर पडला... मी त्याचे पाय धरून उभी होते. नळी बसली. संध्याकाळी तो शांत झोपलाही. पुढं ताप चढला, छाती पुन्हा भरली, दादा पुन्हा काचेच्या दाराआड गेला, आणि मग तो सकाळचा फोन.

दादाचे दिवस झाल्यावर मी वहिनींना घेऊन त्या डॉक्टरणीकडे गेले. वहिनींनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं, “माझ्यामुळं गेले का हे?” तिनं त्यांचा हात हातात घेतला. “काकी, नळ्या तुंबतात. आमच्या हातूनही तुंबतात. काकांची फुप्फुसं थकलेली होती, ताप कशानंही आला असता. तुमच्यामुळं असं मला नाही वाटत.” मला तर तिच्या पायाच पडावंसं वाटलं. पण जिना उतरताना वहिनी थांबल्या. “ती ‘वाटत नाही’ म्हणाली गं. ‘नाही’ नाही म्हणाली.” दादा असता तर दोन वाक्यांत विषय मिटवला असता, आणि नेमका तोच नाही.

हे लिहायचं की नाही, मला समजत नव्हतं. वहिनींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “इसबगोलाचं लिहीच. नाव घाल हवं तर माझं. नाहीतर आणखी कुणीतरी असंच प्रेमानं घालेल आणि माझ्यासारखी जागी राहील.”

गेल्या रविवारी फणसवाडीत जेवायला गेले होते. वहिनी म्हणजे पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून आमटी वाढणाऱ्या. आता मात्र ओट्याशी उभ्या राहून प्रत्येक भांड्याचं झाकण दोन-दोनदा उघडून बघत होत्या. भिंतीकडच्या दादाच्या जागेवर कुणी बसत नाही. मीच जाऊन बसले. म्हटलं, रिकामी ठेवून ठेवून ती आणखी मोठी होत जाईल. वहिनी भाताचं भांडं घेऊन आल्या, उलथनं भरलं, आणि हात तसाच वर थांबला.

“मंदा, पचेल ना गं?”

“पचेल,” मी म्हटलं. “वाढा तुम्ही.”

त्यांनी वाढलं. आणि मी पहिला घास गिळेपर्यंत उलथनं हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या.