आधी शेवट, मग इतिवृत्त

बब्रुवान गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका सिनेमाचे परीक्षण लिहीत होतो. सकाळची वेळ होती. दोन चमचमीत, टोचणारी वाक्ये जमली होती आणि मी स्वतःवर खूश होतो. फोनवर सुमनवहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले," एवढेच त्या म्हणाल्या. मागे गोठ्यातली वासरे ओरडत होती. दूध काढायची वेळ टळून गेली असावी.

त्याला दीड महिना झाला. या पुरवणीत मी गेली काही वर्षे सिनेमांवर लिहितो. ज्याच्याकडून सिनेमा बघायला शिकलो त्याच्यावर मात्र आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

आम्ही दोघे केज तालुक्यातल्या एकाच गावचे. अंबाजोगाईला कॉलेजात एका खोलीत राहिलो. पुढे मी नोकरीसाठी पुण्याला आलो. बब्रू गावी परतला, वडिलांची शेती बघू लागला आणि तिशीतच गावच्या दूध सोसायटीचा चेअरमन झाला. या पदाचा त्याला भारी तोरा होता. पांढरा शर्ट परीटघडीचाच लागे, आणि थिएटरात तिकीट काढतानासुद्धा तो "चेअरमन आलेत म्हणून सांगा" असे म्हणे. तिकीट देणाऱ्यावर त्याचा काही परिणाम होत नसे.

तो दुष्काळ मला त्या एका दुपारमुळे आठवतो. विहिरींचे तळ दिसत होते. अर्धे गाव ऊसतोडीला गेले होते. मागे राहिलेल्यांनी आपली जनावरे सोसायटीच्या चारा छावणीत आणून बांधली होती आणि तेही तिथेच राहत होते. सकाळी चाऱ्यासाठी उसाचे वाढे वाटून झाले, की टँकर येईपर्यंत कुणाला काही काम नसे. सोसायटीकडे सभासदांना पशुपालनाच्या फिल्म दाखवण्यासाठी घेतलेला एक रंगीत टीव्ही होता. बब्रूने तो हिरव्या जाळीखाली आणून ठेवला, ऊन लागू नये म्हणून वर पोते टाकले, आणि केजहून एका गुप्तहेराच्या सिनेमाच्या दोन सीडी भाड्याने आणल्या. सिनेमाचा नायक सतत काळा चष्मा घालायचा. छावणीने त्याचे नाव लगेच गॉगलवाला ठेवले. मी सुट्टीवर गावी गेलो होतो, म्हणून त्या दिवशी तिथे होतो.

दोन्ही सीडींवर चित्र एकच होते, आकडा नव्हता. बब्रूने दुसरी आधी लावली. सुरुवातीलाच गच्चीवरून पळापळ, गोळीबार, बर्फात मोटारी... कुणाला काही वेगळे वाटले नाही. गुप्तहेराचा सिनेमा पळापळीनेच सुरू होत असणार, असे सगळ्यांनीच गृहीत धरले. गॉगलवाल्याला तयार करणारा त्याचा म्हातारा साहेबच शत्रूला फितूर निघाला आणि शेवटी गॉगलवाल्याच्या हातून मेला. मंडळी हळहळली, उठू लागली. मग उरलेली सीडी लावली तर नावांच्या पाट्या सुरू झाल्या.

हशा झाला. चेअरमनची फजिती झाली म्हणून लोक जास्तच हसले. बब्रू मात्र वार्षिक सभेत उभा राहतो तसा उभा राहिला. आमच्याकडे सोसायटीची कुठलीही सभा मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय पुढे सरकत नाही. तो म्हणाला, "सभा झालीय. आता मागच्या सभेचं इतिवृत्त बघायचं. मंजूर आसंल त्यांनी हात वर करा." सगळ्यांनी हात वर केले.

आणि मग ते घडले. पडद्यावर तोच म्हातारा साहेब आला, जिवंत, हसतमुख. पोरसवदा गॉगलवाल्याला त्याने समोर बसवले, स्वतः चहा केला आणि विचारले, साखर किती?  मागून फक्त जनावरांच्या रवंथाचा आवाज येत होता. आमचे दगडूतात्या, ज्यांनी आयुष्यात फार सिनेमे बघितले नसतील, हळूच म्हणाले, "दगाच द्यायचाय, मंग साखर कावून इचारायलाय रे ह्यो?"

सरळ क्रमाने बघणाऱ्याला तो प्रसंग नुसता चहाचा वाटला असता. आम्हाला शेवट ठाऊक होता, म्हणून त्या म्हाताऱ्याचा हात, त्याची नजर, चमचा ढवळताना त्याने लावलेला वेळ, सगळे दिसत होते. त्याला त्या मुलाचा खरेच लळा होता की तेही नाटक होते, यावर टँकर येईपर्यंत वाद चालला.

बब्रूने त्या दिवसापासून एक नियम केला. शेवट सांगितल्यावरही ज्यात बघण्यासारखे उरते तो सिनेमा चांगला. बाकीच्यांना तो सोसायटीच्या भाषेत "फॅट न्हाई, नुसतं पाणी" म्हणायचा. सिनेमाच्या पूर्वार्धाला आमच्यात कायमचे नाव पडले, इतिवृत्त. त्या गुप्तहेराच्या मालिकेचा पुढचा भाग आला, की मी अंबाजोगाईला यायचे, त्याने संध्याकाळचे दूध संकलन दुसऱ्यावर सोपवून जीपने यायचे, आणि कितीही कंटाळा आला तरी पूर्ण बघायचा. दुसरा भाग त्याला मुळीच आवडला नाही. चार देश दाखवले पण कुठल्याच देशात गॉगलवाला पाच मिनिटे बसला नाही, आणि हेर असून जो भेटेल त्याला स्वतःचे नाव सांगत सुटला, अशी त्याची तक्रार होती. "हेर हाय का नवरदेव, बे?" हे तो थिएटरात इतक्या मोठ्याने म्हणाला, की पुढच्या रांगेतल्या माणसाने आम्हाला बाहेर काढायची धमकी दिली. तिसऱ्या भागात खलनायकाची बाजू पटण्यासारखी होती, असे त्याचे मत. मी तेव्हा उलटे बोललो होतो. आज वाटते, त्याचेच बरोबर होते. गाण्यांच्या वेळी मात्र तो हमखास झोपायचा, आणि संगीतावरही मत द्यायचाच.

चौथा भाग गेल्या वर्षी आला. मी तो पुण्यात समीक्षकांच्या खेळाला बघून टाकला. बब्रूशिवाय त्या मालिकेतला मी बघितलेला हा पहिलाच सिनेमा. परीक्षणही झणझणीत लिहिले. एकच पाठलाग तीनदा, नायिकेला काम नाही, नायकाच्या सुरकुत्या संगणकाने पुसलेल्या. हे दोष खरेच आहेत, आजही तेच म्हणेन. बब्रूचा फोन आला, कधी यायलास म्हणून. मी म्हटले, येण्यासारखा सिनेमा नाही, पैसे वाया घालवू नकोस. शेवटही सांगून टाकला. तो हसला. "शेवट कळला हे बरंच झालं. आता तर बघायलाच पायजे." मी येतो म्हणालो. गेलो नाही. सिनेमा थिएटरातून उतरला.

मग एक दिवस तो स्वतःच पुण्याला माझ्या घरी आला. सोसायटीच्या कामाला आलोय म्हणाला. उन्हाळा असून गळ्याला मफलर होता. मी थट्टा केली, चेअरमन थंड हवेच्या ठिकाणी निघाले वाटते. तो हसला, पण खुर्चीत टेकताना त्याने आधी हाताने खुर्ची चाचपली होती... हे मला आता आठवते. चहा त्याने अर्धाच घेतला. म्हणाला, "वाईट काय ते तू लिवलंस, वाचलं. आता चांगलं काय हाय ते सांग."

मी मोबाइलवर कुणाला तरी उत्तर लिहीत होतो. लिहिता लिहिताच सांगितले, की एक जागा आहे. पूर्वार्धात गॉगलवाल्याकडे एक नवखा हेर शिकायला येतो. गॉगलवाला चष्मा काढतो, त्याच्यासाठी चहा करतो आणि विचारतो, साखर किती? बाकी काही नाही. पहिल्या भागातल्या साहेबाचे नावही निघत नाही.

बब्रूने अर्धा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "सुध्या, हे लिवलं कावून न्हाईस?"

मी म्हटले, जागा कमी होती. ते खोटे होते. टोचणाऱ्या परीक्षणात ती हळवी जागा बसत नव्हती, लोकांना माझे टोचणे आवडते, म्हणून मी ती गाळली. त्याला ते कळले असणार. तो फक्त म्हणाला, "आठ दिसांत ये. दोघं मिळून बघू. आता मोबाइलवर आलाय म्हणत्यात." मी हो म्हणालो. निघताना त्याने दारात माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला. मी लिफ्टचे बटण दाबले.

तो त्या दिवशी दवाखान्यातून तपासण्यांचा निकाल घेऊन थेट माझ्याकडे आला होता. वहिनींनी हे नंतर सांगितले. माझ्यासमोर त्याच्या सिनेमाचा शेवट उघड ठेवलेला होता आणि मी तो सरळ क्रमाने बघत होतो. आता ती दुपार मी रोज उलटी बघतो. मफलर, अर्धा कप, खुर्ची चाचपणारा हात. तेव्हा न दिसलेले सगळे आता दिसते.

दहाव्याला गावी गेलो. विधी आटोपल्यावर वहिनी मला सोसायटीच्या खोलीत घेऊन गेल्या. दुधाचे फॅट मोजायचे यंत्र, कॅनची उतरंड, आणि भिंतीवर नवा टीव्ही. समोर दोन खुर्च्या. शेवटचे काही दिवस त्याला घरात करमत नव्हते, तो इथेच येऊन पडायचा. वहिनी म्हणाल्या, "तो पिक्चर त्यांनी बघितला, भाऊजी. पण मधूनच लावला आन शेवटापर्यंत बघितला. मी म्हणलं, सुरुवातीचा कावून बघंना? तर म्हणले, इतिवृत्त सुध्या आल्यावर. त्याच्याबिगर कायम करता येत न्हाई."

मी आलो नव्हतो.

वहिनींनी टीव्ही लावून दिला आणि दार ओढून घेतले. मी एका खुर्चीत बसलो. पाठलाग पहिल्याइतकाच कंटाळवाणा होता. मग तो प्रसंग आला. चष्मा काढल्यावर त्या नटाचे डोळे थकलेले दिसतात, आणि तिथे मात्र कुणी संगणकाने काही पुसलेले नाही. तो नवख्याकडे न बघता चमचा उचलतो, साखर किती विचारतो, आणि उत्तर येण्याआधी क्षणभर त्याचा हात थांबतो. त्या थांबण्यात मेलेला साहेब आहे, त्याने दिलेला दगा आहे आणि लळाही आहे. सबंध मालिकेतली ही सर्वांत चांगली जागा. माझ्या परीक्षणात हे नव्हते. आज लिहितो आहे.

मध्यंतराची पाटी आली तेव्हा मी टीव्ही बंद केला. पुढचे त्याने बघितले होते. बाहेर संध्याकाळचे दूध घेऊन लोक येऊ लागले होते, कॅन वाजत होते. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मी हात वर केला, आणि कुणीतरी दार उघडेपर्यंत तसाच धरून ठेवला.